पहिल्यांदाच लाइफ ड्रॉइंगला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी चित्रकार लाइफ ड्रॉइंगच्या वर्गाला यायचं ठरवतात तेव्हा त्यांच्या मनात काही प्रश्न चित्राबद्दलचे असतात आणि बरेचसे संकोचापोटी आलेले. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न सहसा कोणी मोठ्याने विचारत नाही. इथे दोन्ही घेतले आहेत.

लाइफ ड्रॉइंग म्हणजे नेमकं काय?

समोरच्या जिवंत माणसाकडे बघत त्याची आकृती कागदावर उतरवणं. फोटो नसतो आणि मनानेही काढायचं नसतं. मॉडेल ठरलेला वेळ एका पोझमध्ये स्थिर राहतात, तुम्ही काढता, वेळ संपली की पोझ बदलते. दोन-अडीच तासांच्या सत्रात सहसा आधी अर्ध्या ते दोन मिनिटांच्या झटपट पोझ होतात, मग पाच-दहा मिनिटांच्या, आणि शेवटी वीस मिनिटांची किंवा त्याहून मोठी. बहुतेक ठिकाणी मॉडेल विवस्त्र असतात, काही ठिकाणी कपड्यांत. जायच्या आधी हे विचारून घ्या, त्यात काही वावगं नाही.

वर्गही दोन तऱ्हेचे असतात. एकात शिक्षक सगळ्यांमधून फिरत सांगत राहतात. दुसऱ्यात शिकवणं नसतं. मॉडेल, जागा आणि घड्याळ एवढंच असतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने शिक्षक असलेला वर्ग निवडावा असं माझं मत आहे. पण तसा मिळत नाही म्हणून अडून राहू नका.

मला माणसं काढता येत नाहीत. आधी थोडा हात बसवून मग येऊ का?

नको, आहात तसेच या. हात बसतो तो इथेच. फोटो बघून माणसं काढण्यात तरबेज असलेली मंडळीही इथे आल्यावर सुरुवातीला गांगरतात, कारण कॅमेऱ्याने एकाच डोळ्याने बघून सगळं आधीच सपाट करून दिलेलं असतं. इथे ते काम तुमच्याकडे येतं. तुमची मान किंचित हलली तरी मॉडेलचा खांदा मागच्या भिंतीवरून सरकतो. मॉडेल श्वास घेतात तशी बरगड्यांखालची कड आत-बाहेर होते. फोटोत हे काहीच घडत नाही.

ज्यांनी वर्षानुवर्षं ठरावीक साचे गिरवलेत (बदामी डोळा, नाकाखाली दोन टिंबं, सारख्या जाडीची पाच बोटं), त्यांना ते साचे बाजूला ठेवायलाच जास्त वेळ लागतो. हात डोक्यात साठवलेला डोळा आपसूक काढून मोकळा होतो आणि समोरचा डोळा बघायचा राहूनच जातो. ठाऊक असलेलं बाजूला सारायचं आणि दिसतं तेवढंच मांडायचं, यातच या वर्गातली खरी मेहनत आहे. मुरलेल्या चित्रकारालाही ती दर वेळी नव्याने करावी लागते.

विवस्त्र माणसासमोर बसायचं, या विचारानेच अवघडल्यासारखं होतं.

वाटणारच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. प्रत्यक्षात होतं असं: मॉडेल पडद्यामागे कपडे बदलून गाउन घालून येतात, चौथऱ्यावर चढतात, गाउन बाजूला ठेवून पोझ घेतात. कोणीतरी म्हणतं, "एक मिनिट. सुरू." तुम्ही डोकं काढता, एक खांदा काढता, कंबरेपर्यंत पोचेपोचेतो वेळ संपलेली असते. पुढची पोझ. मग त्याच्या पुढची. एवढ्या घाईत संकोचाला जागाच उरत नाही. सत्राची सुरुवात छोट्या पोझने करायची पद्धत हाताला सैल करण्यासाठी आहे, पण नवख्याच्या मनालाही तिचा तेवढाच उपयोग होतो.

नजर कुठे ठेवायची हे कळत नसेल तर तिला काम द्या. दोन्ही खांद्यांमधून एक रेषा जाते असं समजा; ती कुठल्या बाजूला कलली आहे? हनुवटीच्या बरोबर खाली काय येतं, छातीचा मध्य की खांद्याचं टोक? असे प्रश्न विचारत बघू लागलात की शरीर म्हणजे उतार, वळणं आणि अंतरं होऊन जातं.

तरीही नको वाटलं तर कडेची जागा घ्या, फक्त डोकं आणि खांदे काढा, किंवा पाठ दिसेल अशा बाजूला बसा. मधल्या सुट्टीत शांतपणे निघून गेलात तरी कोणी काही म्हणणार नाही. कपड्यांतल्या मॉडेलपासून सुरुवात केली तर तेही काही कमी दर्जाचं शिक्षण नव्हे. कापडाची चुणी कुठून निघते आणि कुठे ताणली जाते यावरून आतला गुडघा नि कोपर शोधणं हा स्वतंत्र अभ्यास आहे.

मग विवस्त्रच का? कपड्यांत भागत असेल तर एवढा अट्टहास कशाला?

कारण कपडे नेमक्या त्या जागा झाकतात ज्यांच्यावर सगळी आकृती तोललेली असते. माणूस एका पायावर भार देऊन उभा आहे असं समजा. भार असलेल्या बाजूचं कमरेचं हाड वर उचललं जातं. तोल सांभाळायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. मधला कणा वाकतो, एका कुशीला घडी पडते आणि दुसरी ताणली जाते. मोकळ्या पायाचा गुडघा खाली आणि पुढे येतो. ही सगळी साखळी एकमेकींत अडकलेली आहे, आणि सैल सदरा-पायजमा घातला की तिच्यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या ग्रीक मूर्तिकारांनी हा तोल दगडात पकडला. पुढे त्याला कॉन्ट्रापोस्तो हे इटालियन नाव मिळालं. वर्गात अगदी साध्या उभ्या पोझमध्ये तो तुमच्या डोळ्यांसमोर घडतो.

दुसरं कारण उजेडाचं. कापडाला रंग असतो, नक्षी असते, शिवण असते. त्वचेवरून उजेड सलग वाहतो, त्यामुळे आकार कुठे वळला ते सावलीवरून कळतं.

या वर्गांत पूर्वीपासून सगळ्यांना प्रवेश होता का?

नव्हता, आणि हे माहीत असावं. लंडनची रॉयल अकादमी ही कलासंस्था १७६८ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापक सभासदांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. योहान झोफानीने १७७१-७२ मध्ये अकादमीची मंडळी नग्न मॉडेलभोवती जमलेली रंगवली. त्या चित्रात या दोघी खोलीत नाहीत. भिंतीवर टांगलेल्या दोन व्यक्तिचित्रांत त्यांचे चेहरे आहेत, कारण स्त्रीने त्या खोलीत बसणं तेव्हा मान्यच नव्हतं. अकादमीतल्या विद्यार्थिनींना अंशतः वस्त्र ल्यालेल्या मॉडेलवरून काढायची परवानगी मिळायला १८९३ साल उजाडलं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकादमीत थॉमस एकिन्स शिकवत असे. विद्यार्थिनी असलेल्या वर्गात त्याने पुरुष मॉडेलचं कटिवस्त्र काढलं, त्यावरून गदारोळ झाला आणि १८८६ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. मोठमोठ्या ऐतिहासिक आणि पौराणिक चित्रांसाठी मानवाकृतीचा अभ्यास अनिवार्य मानला जाई. तोच नाकारला गेल्यामुळे कितीतरी चित्रकर्तींना फुलं, वस्तुचित्रं आणि लहान व्यक्तिचित्रं एवढ्यावरच भागवावं लागलं.

मला या इतिहासात सर्वांत जवळची वाटते ती सुझान व्हालादों. ती पॅरिसमध्ये मॉडेलचं काम करायची. रेन्वारने १८८३ मध्ये काढलेल्या 'बुजिव्हालमधलं नृत्य' या चित्रातली नाचणारी तीच. चित्रकारांसमोर पोझ देता देता ती त्यांचं काम न्याहाळत राहिली, स्वतः काढू लागली, चित्रकार एदगार दगा याने तिची रेखाटनं विकत घेतली, आणि पुढे तिने स्वतःच्या नजरेने नग्नाकृती रंगवल्या. चौथऱ्यावरची व्यक्तीही बघत असते, हे तिच्यामुळे विसरता येत नाही.

सोबत काय न्यायचं?

मोठा कागद, तो लावायला बोर्ड, दोन-चार क्लिपा, कोळसा, पुट्टी रबर, जुना फडका. एवढ्यावर कितीतरी महिने निघतात.

कागद मोठा म्हणजे निदान ए-थ्री. जमलं तर ए-टू, म्हणजे ४२० बाय ५९४ मिलिमीटर. सुरुवातीला भारी कागद आणू नका. कागद जपावासा वाटला की रेघ घाबरत येते. छोट्या पोझना न्यूजप्रिंटसारखा साधा कागद उत्तम, मोठ्या पोझसाठी थोडा खरखरीत दाण्याचा ठेवा.

कोळशात दोन प्रकार मिळतात. विलो या झाडाच्या काडीचा कोळसा मऊ असतो, बोटाने किंवा फडक्याने झटकला की जवळजवळ निघून जातो. दाबून बनवलेला, म्हणजे कॉम्प्रेस्ड चारकोल, जास्त काळा असतो आणि सहजी पुसला जात नाही. पहिल्या दिवशी विलोच घ्या. काडी पेन्सिलीसारखी चिमटीत न धरता बोटांखाली आडवी धरा, म्हणजे रेघ मनगटातून न येता खांद्यातून येईल. पुट्टी रबर कणकेसारखं मळता येतं. त्याचं टोक काढून सावलीत उजेडाची बारीक जागा उचलता येते.

पेन्सिलच हवी असेल तर ४बी किंवा ६बी आणा. टोकदार एचबी आणि छोटी वही ही जोडी मात्र घरी ठेवा. तिच्याने आकृती कागदाच्या कोपऱ्यात वीतभर होते आणि पापण्यांचे केस काढायचा मोह होतो. चित्र टिकवायचं असेल तर कोळशावर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर पक्का धरणारा फवारा, मारावं लागतं. ते बाहेर, मोकळ्या हवेत मारा. कपडे मळले तरी चालतील असे घाला.

कुठे बसू?

मान वरखाली न करता मॉडेल डोक्यापासून पावलांपर्यंत एका नजरेत मावतील एवढं अंतर ठेवा. उजव्या हाताने काढत असाल तर मॉडेल बोर्डाच्या डाव्या बाजूने दिसावेत, डावखुरे असाल तर उजव्या. नाहीतर स्वतःचाच हात मध्ये येतो आणि दर वेळी मान वळवावी लागते. मान वळेपर्यंत बघितलेलं निम्मं निसटतं.

बोर्ड होईल तितका उभा ठेवा. तो मांडीवर आडवा असेल तर कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब जातो आणि चित्र उभं करून बघितल्यावर आकृती लांबुळकी निघते. कित्येकांना ही आपल्या हाताची चूक वाटते. ती बोर्डाची असते. आडव्या पोझमध्ये पहिल्याच दिवशी मॉडेलच्या तळव्यांसमोरची जागा घेऊ नका. कारण पुढे येईल.

एक-दोन मिनिटांत माणूस कसा काढायचा?

पूर्ण माणूस काढायचाच नसतो. या पोझमध्ये एकच गोष्ट टिपायची: शरीर काय करतंय. ओढतंय, झुकतंय, रेलतंय, पिळलं गेलंय. याला जेश्चर म्हणतात.

एक पोझ घेऊ. मॉडेल डाव्या पायावर भार देऊन उभे आहेत, उजवा हात डोक्यावर, मान डावीकडे झुकलेली. पहिले पाच-सात सेकंद कोळसा कागदाला लावू नका, फक्त बघा. जमल्यास तीच पोझ क्षणभर स्वतःच्या अंगात घेऊन बघा, ताण कुठे येतो ते लगेच कळतं. मग एकच लांब रेषा: डोक्याच्या वरून मानेतून, कण्याच्या वळणाने, कमरेतून डाव्या टाचेपर्यंत. ही बाहेरची कड नव्हे, आतून जाणारा ओघ. आता दोन आडव्या तिरक्या रेषा, एक खांद्यांची आणि एक कमरेची. डाव्या बाजूला कमरेची रेषा वर आणि खांद्यांची खाली, म्हणजे दोन्ही त्या बाजूला एकमेकींकडे झुकलेल्या दिसतील. डोक्याला एक लंबगोल, मानेच्या कलानुसार तिरपा. छातीचा पिंजरा अंड्यासारखा, कंबरेचा भाग डब्यासारखा. उचललेला हात एका झटक्यात, कोपराचा कोन तेवढा नेमका. मोकळा पाय. वेळ उरला तर भार असलेल्या टाचेखाली जमिनीची एक आडवी रेघ, तिच्यामुळे माणूस हवेत तरंगत नाही.

इथे थांबा. नाक, डोळे, बोटं काही नको. वेळ उरलाय म्हणून तीच रेघ चार वेळा गिरवू नका. केसाळ, तुटक रेघांचा झुपका करण्यापेक्षा एक चुकीची पण ठाम रेघ बरी, कारण ती चुकलीय हे निदान दिसतं. फ्रेंच शिल्पकार ओगुस्त रोदाँ आपल्या मॉडेलना स्टुडिओत मोकळेपणाने वावरू द्यायचा आणि कागदाकडे न बघता झरझर रेषा काढायचा. तुम्हीही एखादी पोझ पूर्णपणे मॉडेलवर नजर ठेवून, कागदाकडे ढुंकूनही न बघता काढा. आकृती वेडीवाकडी येईल, पण तिच्यातली एखादी रेघ दिवसभरातली सर्वांत खरी असेल.

शरीराची मापं पाठ करावीत का?

थोडी ठेवावीत, पडताळ्यापुरती. प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते. आदर्श आकृती म्हणून आठ धरायची पद्धत आहे. उभ्या माणसाचा मध्य बेंबीशी नसून बराच खाली, जांघेच्या हाडापाशी येतो. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, नवखे ते हमखास वर काढतात आणि कपाळ नाहीसं होतं. हाताचा पंजा हनुवटीपासून केसांच्या कडेपर्यंत पोचतो. पाऊल कोपर ते मनगट एवढं भरतं, म्हणजे आपण काढतो त्यापेक्षा चांगलंच मोठं.

पण समोरचं माणूस या सूत्रांना बांधील नाही. मॉडेल बसले की साडेसात डोक्यांचा हिशेब तिथेच संपतो. कोणाची मान आखूड असते, कोणाचं धड लांब. सूत्र आणि डोळा यांत वाद झाला तर डोळ्याचं ऐका.

काही जण पेन्सिल हातभर लांब धरून एक डोळा मिटतात, ते काय करतात?

मोजतात. हात कोपरातून ताठ, पेन्सिल उभी, एक डोळा बंद. पेन्सिलीचं टोक डोक्याच्या वरच्या कडेला, अंगठ्याचं नख हनुवटीला. हे झालं एक डोकं. आता ते माप खाली सरकवत न्या आणि कंबरेपर्यंत किती वेळा बसतं ते बघा. कोपर किंचितही वाकलं तर माप बदलतं, म्हणून हात ताठच हवा. मोजलेलं माप कागदावर तेवढंच काढायचं नसतं. प्रमाण तेवढं उचलायचं.

मापापेक्षाही मला उपयोगी वाटतो तो ओळंबा. पेन्सिल दोन बोटांत सैल लोंबती धरा, किंवा दोऱ्याला वजन बांधून आणा. गळ्याच्या खाचेतून सरळ खाली ती रेषा कुठे पडते? एका पायावर भार असेल तर ती बहुधा त्याच पायाच्या घोट्याजवळ पडते. तुमच्या कागदावर ती दोन पावलांच्या मधोमध पडत असेल तर तुमचा माणूस तिरका पडतोय, मग स्नायू कितीही सुरेख काढलेले असोत. दर दोन-तीन मिनिटांनी असा एखादा उभा आणि एखादा आडवा पडताळा घ्यायची सवय लावा.

तिसरा मार्ग मधल्या मोकळ्या जागांचा. कमरेवर हात ठेवला की हात आणि धड यांच्यात एक त्रिकोणी फट दिसते. हाताऐवजी ती फट काढा. हाताबद्दल आपल्या डोक्यात ठाम कल्पना असतात, फटीबद्दल काहीच नसतात, म्हणून ती बरोबर येते.

हात, पावलं आणि चेहरा जमतच नाही. टाळले तर चालेल?

छोट्या पोझमध्ये खुशाल टाळा. मोठ्या पोझमध्ये टाळू नका, पण साधे ठेवा. हात म्हणजे आधी एक पंजा, मोज्यासारखा एकसंध आकार. त्यात अंगठ्याची दिशा. बोटांची टोकं जोडणारी एकच वक्र रेघ. तेवढ्याने हात हातासारखा दिसतो. चेहऱ्यात डोक्याचा कल आणि डोळ्यांच्या खोबणीतली सावली पुरते. साम्य साधायच्या मागे लागू नका, तो व्यक्तिचित्राचा विषय आहे.

पाय माझ्याकडे करून झोपलेली पोझ आली तर?

तेव्हा सगळी पाठ केलेली मापं कोलमडतात. पाऊल डोक्याहून मोठं दिसतं, मांडी दोन बोटांच्या जाडीत संपते. याला फोरशॉर्टनिंग म्हणतात आणि ते भल्याभल्यांना चकवतं. इटालियन चित्रकार आंद्रेया मान्तेन्या याचं मृत ख्रिस्ताचं चित्र मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहे. त्यात त्याने तळवे समोर ठेवले, पण दिसले असते त्यापेक्षा लहान रंगवले, नाहीतर चेहरा त्यांच्यामागे हरवला असता. ती त्याची जाणीवपूर्वक निवड होती. शिकणाऱ्याने आधी दिसतं तेवढंच मोठं पाऊल काढायचं धाडस करावं. आकार एकमेकांवर चढलेले दाखवा: पोटरी गुडघ्याला झाकते, गुडघा मांडीला. कुठली रेघ कुठल्या रेघेच्या मागे जाते एवढं बरोबर आलं तरी खोली मिळते.

छाया कधी द्यायची?

दहा मिनिटांपेक्षा मोठ्या पोझमध्ये. डोळे बारीक करून बघा, बारकावे विरघळतात आणि उजेड-अंधाराचे दोन मोठे तुकडे उरतात. त्यांच्यामधली सीमा काढा, अंधाराचा सगळा भाग काडी आडवी धरून एकाच फिक्या करड्याने भरा. त्यापलीकडे पहिल्या दिवशी काही नको.

मॉडेलशी कसं वागायचं?

काम करणाऱ्या माणसाशी वागतो तसं. पोझ देणं हे अंगमेहनतीचं काम आहे. हात डोक्यावर धरून पाच मिनिटं उभं राहून बघा. खांदा जळायला लागतो, बोटांना मुंग्या येतात. उभ्या पोझमध्ये गुडघे ताठ राहिले तर भोवळसुद्धा येऊ शकते. म्हणून लांब पोझमध्ये साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी सुट्टी दिली जाते, आणि ती मॉडेलसाठी असते. तुमचं चित्र पूर्ण व्हायचंय म्हणून तिच्यातली दोन मिनिटं मागू नका.

फोन बॅगेत, आवाज बंद. फोटो कधीच काढायचा नाही, चौथरा रिकामा असतानाही फोन वर धरू नका, कारण लांबून कोणाला काय दिसेल सांगता येत नाही. चौथऱ्याजवळ जाऊन बघायचं नाही, हात लावून पोझ दुरुस्त करायची नाही. बदल हवा असेल तर वर्ग चालवणाऱ्यांना सांगा. शरीराबद्दल शेरा नको, कौतुकाचाही नको. "पोझ छान होती, काढायला मजा आली," एवढं मात्र जरूर म्हणा. गाउन घातला की मॉडेल गप्पा मारायला मोकळे असतात, त्यांना वाटलं तर. पोझ चालू असताना दार उघडून आत-बाहेर करू नका. खोलीत तुम्हाला किंचित उकडत असेल तर मॉडेलसाठी तापमान बहुधा बरोबर आहे.

हे नियम वर्गात कोणी सांगत नसेल, किंवा कोणी मोडत असताना सगळे गप्प बसत असतील, तर तो वर्ग सोडा. चांगलं चित्र शिकायला वाईट जागी बसायची गरज नसते.

मोठ्या पोझमध्ये मॉडेल हलले तर काय करायचं?

हलणारच. दमलेले स्नायू सैल होतात, मान खाली येते, कंबर बसते. सुट्टीनंतर जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या खुणांवरून पाय जागेवर येतात, पण पिळ तंतोतंत तोच येत नाही. अशा वेळी नवीन जागी दिसणारा खांदा जुन्या धडाला जोडू नका. पहिल्या पाच मिनिटांत आकृतीचा सांगाडा हलक्या रेघांत ठरवून टाकला असेल तर पुढे त्यालाच धरून राहता येतं आणि समोरच्या बदलातून हवं तेवढं उचलता येतं.

चुकलेली रेघ खोडू का?

शक्यतो नको. बरोबर रेघ शेजारी काढा, थोडी ठळक. चुकलेली रेघ दिसत राहिली की किती चुकलं ते कळतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मायकेलअँजेलोचा एक लाल खडूचा कागद आहे, व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावर रंगवलेल्या लिबियन सिबिल या भविष्यवेत्तीसाठी केलेला. पुरुष मॉडेलवरून काढलेली पाठ, आणि त्याच कागदावर बाजूला चेहरा पुन्हा, डाव्या पायाचा अंगठा पुन्हा पुन्हा. एका अंगठ्यावर भार कसा पडतो हे त्याला समजून घ्यायचं होतं. अभ्यासाचा कागद असाच असावा.

चित्र सगळ्यांना दाखवावं लागतं का?

सक्ती नसते. सुट्टीत लोक फिरून एकमेकांची बघतात. नको असेल तर कागद उलटा करून ठेवा. पण बघायला मात्र जा. एकाच मॉडेलची त्याच वेळची वेगवेगळ्या जागांवरून काढलेली चित्रं शेजारी-शेजारी बघायला मिळणं दुर्मीळ आहे. विचारल्याशिवाय कोणाच्या चित्रातल्या चुका सांगू नका. आणि आपलं चित्र समाजमाध्यमांवर टाकायचं असेल, त्यात चेहरा ओळखू येत असेल, तर आधी मॉडेलची परवानगी घ्या.

दोन सत्रांच्या मधल्या दिवसांत घरी काय करू?

मॉडेल घरीच आहे: तुमचा न लिहिणारा हात. एक दिवस उलट्या तळव्याचा, एक दिवस मूठ, एक दिवस बोटं थेट डोळ्यांकडे रोखलेली. उघडी पावलं आरशात बघून. आरशातला स्वतःचा खांदा आणि मान, एकाच बाजूने दिवा लावून. वाट बघत उभी असलेली, डुलक्या काढणारी, फोनवर वाकलेली माणसं दिसतील तिथे अर्ध्या मिनिटात काढा. ती कधी हलतील हे माहीत नसल्यामुळे हात आपोआप मुद्द्याचं तेवढंच टिपतो.

सांगाड्याचाही थोडा अभ्यास करा, पण उलट क्रमाने: आधी वर्गात काहीतरी अडू द्या, मग पुस्तकात शोधा. मान वळवली की कानामागून गळ्याच्या खाचेकडे येणारी ती दोरी कसली, असा प्रश्न पडला आणि घरी येऊन त्या स्नायूचं नाव नि दोन्ही टोकं सापडली की ती पुन्हा विसरत नाही. पुढच्या सत्राला जाताना जुन्या कागदांवर तारीख आणि पोझचा वेळ टाका. बॅगेत न्यूजप्रिंट जास्त घ्या, पहिल्या अर्ध्या तासातच तो भराभर संपतो.